‘अतिरिक्त’ कोण, हे ठरवतो कोण?

आपण त्रिसरण तीन वेळा म्हणतो. त्यातले दोन वेळा जास्तीचे झाले, असे कोणी म्हणत नाही. ग्रंथ लिहिले गेले नव्हते तेव्हा भिक्खूंनी बुद्धवचन पुनरुक्तीनेच जपले. विमानाला दुसरे इंजिन असते, दवाखान्यात वीज गेली तर जनरेटर असतो. भाषेत जास्तीचे ते आठवण, यंत्रात जास्तीचे ते सुरक्षा. कामावरचा जास्तीचा माणूस मात्र बोजा! हा न्याय कुठून आला?

इतिहास पाहा. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर ज्या समाजाची नावे कोरली आहेत, त्याच समाजाला इंग्रजांनी १८९२-९३ च्या सुमारास लष्करभरतीची दारे बंद केली. कारण शौर्य कमी पडले हे नव्हते. ‘लढाऊ जाती’ नावाचा सिद्धांत आला होता. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये आणि शिवराम जानबा कांबळेंनी १९१० मध्ये त्याविरुद्ध अर्ज केले. सुभेदार रामजी सकपाळ ज्या साताऱ्यात येऊन राहिले आणि १९०० साली भिवाचे नाव ज्या साताऱ्यातल्या शाळेत घातले गेले, तिथल्या पेन्शनर महार शिपायांच्या मुलांना बापाची वाट बंद झाली होती. पहिले महायुद्ध पेटले तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडली. पुन्हा युद्ध आले आणि १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. गरज सरो, वैद्य मरो!

गावात याच्या उलट. वतनाचा महार ‘अतिरिक्त’ कधीच नव्हता. पाळीचा माणूस हजर नसेल तर त्याच्या घरातल्या दुसऱ्याला कामाला धरायचे. म्हणजे व्यवस्थेने आपल्या सोयीसाठी अख्खे कुटुंब सुटा भाग म्हणून राखून ठेवले होते. मोबदला काय, तर तुटपुंजी इनाम जमीन आणि बलुते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचे बिल आणले ते याच वेठीविरुद्ध. कनिष्ठ वतने संपवणारा कायदा मात्र १९५८ साली झाला.

त्याच १९२८ साली मुंबईत गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. मालकांना कमी माणसांकडून जास्त साचे चालवून घ्यायचे होते. कामगार ‘जादा’ ठरणार म्हणून संप होता आणि ते योग्यच होते. पण चांगला पगार देणाऱ्या साचेखात्यात अस्पृश्यांना मुळात प्रवेशच नव्हता, कारण धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे. बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. ज्याला आतच घेतले नाही, त्याला कपातीपासून वाचवणार कसे?

म्हणून ‘अतिरिक्त’ हा हिशेबाचा शब्द नाही, सत्तेचा आहे. हिशेब कोणाच्या हातात आहे, यावर उत्तर ठरते. आजही नोकरीच्या दारात आपण जास्तीचे आणि गटारात उतरायला आपणच हवे. हाताने मैला साफ करून घेण्यास बंदी आणि पुनर्वसन, दोन्ही २०१३ च्या कायद्यात आहे. यंत्राला आपला विरोध नाही. यंत्र आलेच पाहिजे. पण त्यासोबत त्या माणसाला दुसरे सन्मानाचे काम मिळाले पाहिजे.

सातारा-सांगलीच्या तरुणांनो, आपल्या नगरपालिकेत सफाईची मंजूर पदे किती, भरलेली किती, कंत्राटी किती, हे माहिती अधिकारात मागा. गावातल्या वतनी जमिनीचे सातबारे काढा. उत्तर आले नाही तर पुन्हा मागा. ही पुनरुक्ती फुकट जात नाही.

जय भीम!