शेण असो की लीद, कंबर न मोडता उचलायची तर अवजार कोणतं घ्यायचं?

उपनगरातल्या माणसाला वाटतं, शेण-लीद हा काय आपला विषय नाही. पण गोरेगावची आरे कॉलनी आठवा. मुंबईतले तबेले वस्तीबाहेर हलवायचे म्हणून 1949 साली ही दूध वसाहत उभी राहिली. जागा 1287 हेक्टर, जनावरांची 32 युनिट. एक म्हैस दिवसाला साधारण 15 ते 20 किलो शेण टाकते आणि पूर्ण वाढलेला घोडाही लिदेत मागे नसतो. म्हणजे दहा जनावरं सांभाळणाऱ्या माणसाच्या हातून रोज दीड-दोनशे किलो वजन उचललं जातं. सुट्टी नाही, रविवारही नाही.

हे काम आपल्याकडे बहुतेक ठिकाणी फावडं आणि घमेल्यावर चालतं. गोची इथेच आहे. फावड्याचा दांडा आखूड आणि पातं आपल्याकडे वळलेलं असतं, कारण ते माती ओढायला बनवलंय. त्याने शेण ओढायचं तर कमरेतून पूर्ण वाकावं लागतं. मग भरलेलं घमेलं जमिनीवरून थेट डोक्यावर. दिवसातून पन्नास वेळा असं केलं की कंबर बोलणारच.

मग घ्यायचं काय? ते जनावरावर ठरतं. म्हैस रवंथ करते, त्यामुळे चारा बारीक होऊन शेण ओलं आणि चिकट पडतं. घोडा रवंथ करत नाही, म्हणून लिदेचे गोळे पडतात आणि त्यात गवताचे तंतू दिसतात. गोळे मैदानातून किंवा गवतावरून उचलायला दाताळं सगळ्यात सोपं. दात जवळजवळ असलेलं आणि कडा वर वळलेली असली की गोळे आत राहतात, माती-भुसा खाली गळून जातो. फावडं मातीही सोबत उचलतं आणि ते वजन फुकट तुमच्या खांद्यावर येतं. दात प्लास्टिकचे असतील तर अवजार हलकं पडतं, फक्त दगडाळ जागी ते लवकर तुटतात.

गोठ्याच्या सिमेंटच्या फरशीवर मात्र दाताळं काही कामाचं नाही. तिथे लांब दांड्याचा रबरी वायपर घ्या आणि शेण ढकलत एका जागी आणा. ढकलणं हे उचलण्यापेक्षा कधीही स्वस्त पडतं! उचलायची वेळ येईल तेव्हा सरळ पात्याचा, लांब दांड्याचा बेलचा वापरा.

दुकानात अवजार उभं धरून बघा. ताठ उभं राहिल्यावर दांड्याचं टोक निदान छातीपर्यंत, जमल्यास हनुवटीपर्यंत यायला हवं. दांडा मुठीत धरल्यावर अंगठा बोटांना टेकला पाहिजे. जाड दांड्याने मनगट लवकर दमतं. घरचंच अवजार चांगलं असेल तर नवीन घेऊ नका, फक्त लांब दांडा बसवा आणि पाचर घट्ट मारा. पावसाळ्यात हात सटकतो, त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवला की झालं.

घोड्यांचं म्हणाल तर मुंबईतल्या व्हिक्टोरिया 2015 च्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर बंद झाल्या. आता घोडे रोज रस्त्यावर बघायचे तर नेरळला उतरून माथेरान गाठावं लागतं. तिथल्या लाल मातीच्या चढउताराच्या वाटांवर घमेलं वाहणं म्हणजे शिक्षाच. अशा ठिकाणी हवेच्या चाकाची ढकलगाडी बरी. वाट अरुंद असेल तर एकचाकी, सपाट पटांगण असेल तर दोनचाकी, कारण ती कलंडत नाही. वजन चाकाच्या बाजूला भरा, आणि माल ओला असेल तर गाडी अर्धीच.

एका गोष्टीत मात्र काटकसर नको, ती म्हणजे गमबूट आणि रबरी हातमोजे. लेप्टोचे जंतू उंदरांच्या आणि गुराढोरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायावरच्या जखमेतून शरीरात शिरतात. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईने लेप्टोची साथ पाहिलेली आहे. लिदेत धनुर्वाताचे जंतूही असू शकतात. दाताळ्याचा दात पायात घुसला तर हळद लावून बसू नका. जखम साबण-पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन इंजेक्शनबद्दल विचारा.