सोपारें व वसई : स्थळ आणि वस्तु

उत्तर कोंकणांत वसईची खाडी आणि वैतरणा नदी यांच्या मध्यें जो सखल पट्टा आहे, त्यांत इतिहासाच्या अभ्यासकास एका दिवसांत दोन हजार वर्षांचा प्रवास घडतो. उत्तरेस सोपारें, दक्षिणेस वसईचा किल्ला. मधलें अंतर तीन-चार कोसांचें. एक प्राचीन शूर्पारक, अपरांताचें नामांकित बंदर. दुसरें फिरंग्यांच्या उत्तरेकडील मुलखाचें मुख्य शहर. दोन्ही ठिकाणीं गलबतें लागत, दोन्ही ठिकाणीं परदेशचा माल उतरे, आणि दोहोंचेंही वैभव आज मातीखालीं किंवा झाडोऱ्यांत शोधावें लागतें. या स्थळांचीं वर्णनें पूर्वीं विद्वानांनीं केलेलीं आहेत. त्यांची पुनरुक्ति करण्याचा आमचा हेतु नाहीं. मंडळींपैकीं आम्ही पांच-सात जण स्थानिक माहितगार बरोबर घेऊन हीं दोन्ही स्थळें एका दिवसांत पाहून आलों, तेव्हां एक प्रश्न मनांत वारंवार उभा राहिला, तोच वाचकांपुढें ठेवावयाचा आहे. तो असा कीं, जागेवरून हललेली वस्तु इतिहासास कितपत साक्ष देऊं शकते? जुने कागद, नाणीं, ताम्रपट व मूर्ति यांचा संग्रह करणारांस हा प्रश्न टाळतां येण्यासारखा नाहीं.

सोपाऱ्याची कीर्ति जुनी आहे. महाभारतांत पांडवांच्या तीर्थयात्रेंत शूर्पारकाचें नांव येतें. जातकांत तेथील आंधळ्या पण कुशल तांडेलाची कथा आहे. ‘दिव्यावदाना’ंत पूर्ण नांवाच्या तेथील व्यापाऱ्यानें प्रव्रज्या घेतल्याची हकीकत आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ग्रीक ‘पेरिप्लस’ ग्रंथांत या किनाऱ्यावरील बंदरांच्या यादींत सोपारें आहे. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखांत भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन यांच्याबरोबर शोर्पारगाचें नांव आहे. कार्ल्याच्या एका स्तंभावर सोपाऱ्याच्या भिक्षूचें दान नमूद आहे. कान्हेरीसही सोपाऱ्याच्या व्यापाऱ्याचा उल्लेख सांपडतो. शके १०१६ (इ. स. १०९४) मधील शिलाहार अनंतदेवाच्या खारेपाटण ताम्रपटांत श्रीस्थानक, नागपुर, शूर्पारक व चेमुली या बंदरांतील जकातीची माफी आहे. पुढें बाराव्या शतकांत कोंकणच्या अपरादित्याचा तेजकंठ नांवाचा दूत काश्मीरांतील पंडितसभेस हजर होता, असें मंखाच्या ‘श्रीकंठचरिता’वरून समजतें.

परंतु नीट पाहिलें असतां ध्यानांत येईल कीं, हे सारे साक्षीदार परगांवचे आहेत. नाशिक बोलतें, कार्ले बोलतें, काश्मीर बोलतें. खुद्द सोपारें मात्र इ. स. १८८२ पर्यंत मुकें होतें. त्या वर्षीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं कँपबेलसाहेबांच्या साहाय्यानें येथील टेकाड उकरलें, तेव्हां कोठें या गांवास स्वतःचा कंठ फुटला.

हें टेकाड नालासोपारा स्टेशनाच्या पश्चिमेस आहे. आमच्याबरोबरचे वृद्ध वाटाडे त्यास ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत होते. पूर्वीं येथें बुरूड जातीचा राजा होता, त्याचा हा वाडा, अशी त्यांनीं वडिलांकडून ऐकलेली कथा. वस्तुतः तो विटांचा बौद्ध स्तूप आहे. राजाही नाहीं आणि कोटही नाहीं. तरी ही कथा हंसण्यावारी नेण्यासारखी नव्हे. ‘शूर्प’ म्हणजे सूप, आणि सुपें विणणें हा बुरुडांचा धंदा. गांवाच्या नांवाचा संस्कृत अर्थ लोकांच्या स्मरणांत कोठें तरी राहिला, त्यास राजा चिकटला आणि राजास कोट चिकटला, असें अनुमान सहज करतां येतें. दंतकथेंतील माणूस खोटा असला तरी तिच्यांतील शब्द पुष्कळदां खरा असतो.

स्तूपाच्या मध्यभागीं दगडी पेटी निघाली. तींत मधोमध तांब्याचा करंडा होता व त्याच्या सभोंवतीं आठ लहान धातूच्या मूर्ति होत्या: सात गत बुद्धांच्या व आठवी भावी मैत्रेयाची. तांब्याच्या करंड्यांत चांदीचा, त्यांत दगडाचा, त्यांत स्फटिकाचा व सर्वांत आंत सोन्याचा, अशी करंड्यांची मालिका होती. सोन्याच्या करंड्यांत मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे होते. हे बुद्धाच्या भिक्षापात्राचे अवशेष म्हणून ठेवले असावे, असें पंडितजींचें मत पडलें. सोन्याचीं फुलें व गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णीचें एक चांदीचें नाणेंही मिळालें.

यांतील बोध कोणता? नाणें इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराचें. मूर्ति मात्र घडणीवरून पुढील अभ्यासकांनीं आठव्या-नवव्या शतकांच्या ठरविल्या आहेत. एकाच पेटींत सहाशें वर्षांच्या अंतराच्या वस्तु कशा आल्या? याचें समाधान एकच संभवतें: मूळ अवशेषपेटी पुढें केव्हां तरी पुन्हा उघडली गेली, भक्तांनीं तींत नव्या मूर्ति मांडल्या आणि ती पुन्हा झांकली. म्हणजे सातवाहनकाळीं गजबजलेलें हें स्थान शिलाहारांच्या उदयापर्यंत उपासकांच्या मनांतून गेलेलें नव्हतें. सोपाऱ्याच्या इतिहासांतील एवढा मोठा दुवा कशावर अवलंबून आहे? केवळ कोणती वस्तु कशांत व कशाच्या बाजूस होती, हें पंडितजींनीं लिहून ठेवलें त्यावर. तीच आठ मूर्ति व तेंच नाणें बाजारांत निरनिराळ्या हातांनीं विकलें गेलें असतें, तर मूर्ति सुंदर ठरल्या असत्या, नाणें दुर्मिळ ठरलें असतें, पण हा दुवा कायमचा तुटला असता. या वस्तु आज स्तूपांत नाहींत, मुंबईस आहेत. तरी त्यांची साक्ष अबाधित आहे.

त्याच वर्षीं सोपाऱ्याच्या एका तळ्याजवळ पंडितजींस काळ्या दगडाचा एक तुकडा मिळाला. त्यावरील ब्राह्मी अक्षरें अशोकाच्या आठव्या शिलालेखाचीं ठरलीं. पूर्वींचे राजे मृगयेसारख्या करमणुकीसाठीं यात्रा करीत; आपण राज्याभिषेकास दहा वर्षें झाल्यावर संबोधीस जाऊन धर्मयात्रा आरंभिली; तींत ब्राह्मण-श्रमणांचें व वृद्धांचें दर्शन, दान आणि जानपदांची भेट घडते, असा त्या लेखाचा आशय आहे. पुढें इ. स. १९५६ मध्यें समुद्राकडील भुईगांवीं नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. एका तुकड्यावरून मौर्यांची सत्ता या बंदरापर्यंत पोंचली होती हें कळलें. दुसऱ्यावरून सोपाऱ्यास चौदा लेखांचा पूर्ण संच असावा या तर्कास बळकटी आली. दोन्ही तुकडे मूळ जागेवरून सुटलेले; परंतु ते कोठें मिळाले याची नोंद झाली, म्हणूनच उरलेले लेख कोणत्या पंचक्रोशींत शोधावयाचे हें आज आपणांस ठाऊक आहे. जुन्या विहिरींचे कांठ, तळ्यांच्या पायऱ्या व घरांचे जोते हीं या दृष्टीनें तपासलीं पाहिजेत. घरांची दाटी वर्षानुवर्षें वाढत आहे, आणि पाया खणणारा मजूर ब्राह्मी वाचीत नाहीं.

सोपाऱ्याची खाडी गाळानें भरत गेली तशी मोठीं गलबतें तेथें येईनाशीं झालीं व व्यापाराचा ओघ दुसऱ्या बंदरांकडे वळला. म्हणून सोपाऱ्याहून वसईस येणें म्हणजे एका अर्थानें व्यापाराच्याच मागोमाग येणें होय. गुजराथच्या बहादूरशहानें इ. स. १५३४ च्या डिसेंबरांत तह करून वसई फिरंग्यांस दिली व १५३६ पासून त्यांनीं किल्ल्याचें काम चालविलें. पुढें दोनशें वर्षें हें तटबंदीचें शहर भरभराटलें. जपानांत नागासाकी येथें १५९७ मध्यें वधस्तंभावर प्राण देणारे व १८६२ मध्यें संतपद पावलेले गोन्सालो गार्सिया हे याच वसईचे.

दर्या-दरवाजानें आंत शिरल्यावर सरळ रस्ता खुश्कीच्या दरवाजाकडे जातो व त्याच्या दोहों बाजूंस देवळांचे, मठांचे व वाड्यांचे सांगाडे उभे आहेत. छपरें गेलीं, कमानी राहिल्या. संत जोसेफच्या मुख्य देवळाचा १६०१ मध्यें आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या काळीं जीर्णोद्धार झाल्याचें तेथील शिलालेखावरून समजतें. फ्रान्सिस्कन पंथाच्या देवळांत जमीनच थडग्यांच्या फरशीची आहे; पाऊल टाकावें तेथें कोणा फिरंगी गृहस्थाचें नांव, कुलचिन्ह व वर्ष. डॉ. गर्सन द कुन्हा यांनीं इ. स. १८७६ मध्यें चौल व वसई यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत हे लेख उतरून घेतले. आज फरशीवरून चालतां चालतां कांहीं अक्षरें बोटांस लागतात, डोळ्यांस दिसत नाहींत. दगड जागेवर आहे, पण लेख जात आहे. वस्तु स्थानभ्रष्ट झाली म्हणजेच साक्ष बुडते असें नव्हे. जागच्या जागींही ती बुडूं शकते. तिला तारते ती वेळींच घेतलेली नक्कल.

आतां वसईच्या घंटांकडे वळूं. चिमाजी आप्पांनीं इ. स. १७३९ च्या फेब्रुवारीपासून खासा वेढा चालविला. सुरुंगांनीं सेबास्त्यांव बुरूज फुटला, त्या खिंडारांत मराठ्यांचीं माणसें मोठ्या संख्येनें पडलीं, आणि १६ मे रोजीं फिरंग्यांनीं तहाच्या कलमांवर सही केली. त्यांस आठ दिवसांत चीजवस्तेसह निघून जाण्याची मोकळीक मिळाली. विजयाची खूण म्हणून देवळांतील घंटा वर देशीं गेल्या. भीमाशंकरास, कृष्णाकांठीं मेणवलीस, नाशिकास गोदातीरीं नारोशंकराच्या देवळांत त्या आजही आहेत. नारोशंकराच्या घंटेवर १७२१ हा सन ओतलेला आहे.

या घंटा भाविकांनीं प्रेमानें जपल्या, हें खरें. परंतु ‘ही वसईची घंटा’ यापलीकडे देवळांतील मंडळी कांहीं सांगत नाहींत. वसईंत जेसुइटांचें, डोमिनिकनांचें, फ्रान्सिस्कनांचें अशीं निरनिराळीं देवळें होतीं. कोणती घंटा कोणत्या मनोऱ्यांतून उतरली, हें जिभेवरील परंपरेंत राहिलें नाहीं. सोपाऱ्याचा मातीचा तेराव्या भागाचा तुकडा आज अधिक बोलतो. वसईची मणांची घंटा दूरवर घुमते, पण आपलें घर सांगत नाहीं. दोहोंतील भेद धातूचा नाहीं, नोंदीचा आहे.

तरी निराश होण्याचें कारण नाहीं. वसईच्या मोहिमेचे मराठी कागद पेशवे दप्तरांत आहेत, फिरंगी कागद गोव्यास व लिस्बनास, इंग्रजांचे मुंबईकर वखारीचे. ते परस्परांशीं लावून पाहिल्यास पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. एकच उदाहरण: वसई पडल्याची तारीख कोठें ५ मे तर कोठें १६ मे आढळते. हा कोणाचा प्रमाद नव्हे. इंग्रज त्या वेळीं जुनी पंचांगपद्धति पाळीत व ती १७५२ पर्यंत चालली. फिरंगी नवी पाळीत. दोहोंत अकरा दिवसांचें अंतर. तारीख कोणाच्या दप्तरांतील हें न लिहितां उतरून घेतली, कीं खरा आंकडाही खोटा होतो. कागदासही स्थळ असतें तें असें.

यावरून आमच्या संग्राहक बंधूंस विनंति करावीशी वाटते. वस्तु जागेवर राहणें सर्वांत उत्तम, आणि संरक्षित स्थळांतील दगडास तर हातही लावूं नये. परंतु जी वस्तु नांगराखालीं, पायांत किंवा जुन्या बाजारांत आधींच उघडी पडली, तिच्याबरोबर चार ओळी अवश्य लिहाव्या: कोठें मिळाली, केव्हां मिळाली, शेजारीं काय होतें, आणि कोणाच्या हातून आली. मोडी कागदांचा रुमाल सोडावयाचा असेल तर कागदांचा मूळ क्रम आधीं टिपून घ्यावा, मग विषयवार लावावे. कारण दोन पत्रें एका गांठींत कां होतीं, हाही एक पुरावाच आहे. ज्यांच्या गांवीं वसईची घंटा आहे त्यांनीं तिच्यावरील सन, अक्षरें व चिन्हें यांचा ठसा घ्यावा. अशा नोंदी व नकला एकत्र झाल्या म्हणजे त्या फिरंगी मठांच्या कागदांशीं ताडून पाहतां येतील, आणि तीनशें वर्षें नुसत्या घुमणाऱ्या घंटांपैकीं एखादी तरी आपल्या मनोऱ्याचें नांव सांगूं लागेल.