झेनिथचे कूळ

भूगोलाच्या तासाला एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, खमध्य म्हणजे झेनिथच ना?" मी हो म्हणतो आणि उलट विचारतो, "मग झेनिथ म्हणजे काय?" वर्ग गप्प. इंग्रजी शब्द उच्चारला की अर्थही कळला, असे आपल्याला उगीचच वाटते.

मुळात हा शब्द इंग्रजांचा नव्हेच. अरब ज्योतिर्विद खमध्याला 'सम्त-अर्-रास' म्हणत. सम्त म्हणजे दिशा, रास म्हणजे डोके. बाराव्या शतकात स्पेनमधील टोलेडो येथे अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरे होऊ लागली आणि असे शब्द युरोपात शिरले. त्या काळच्या हस्ताक्षरात 'एम' म्हणजे तीन उभ्या रेघा. 'एन'च्या दोन आणि 'आय'ची एक मिळूनही तीनच. नकलाकारांनी 'सेम्त'चे 'सेनित' वाचले आणि चूकच प्रतिष्ठा पावली. मागचे 'रास' तर गळूनच गेले!

त्याच सम्तच्या अनेकवचनातून, 'अस्-सुमूत'मधून, 'अ‍ॅझिमथ' आला. तो आपला दिगंश. उज्जैनच्या वेधशाळेत दिगंश यंत्र आहे. त्या वेधशाळेचा जीर्णोद्धार ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये केला. हैदराबादकडील आपले बांधव उर्दूत 'सिम्त' ऐकतात, तोही हाच शब्द.

खमध्याच्या बरोबर विरुद्ध, पायाखालचा बिंदू तो 'नेडिर'. त्याचे मूळ अरबी 'नझीर', म्हणजे समोरासमोरचा, धातू पाहण्याचा. आपली 'नजर' आणि कोर्टातला 'नाझर' ही त्याच घरची भावंडे. परका वाटणारा शब्द असा नात्यातला निघतो.

कवी चॉसरने १३९१ च्या सुमारास अ‍ॅस्ट्रोलेब या वेधयंत्रावर पुस्तक लिहिले, त्यात हे शब्द आहेत. विद्येची भाषा तेव्हा लॅटिन. पण त्याचा दहा वर्षांचा मुलगा लुईस याला ती फारशी येत नव्हती. म्हणून बापाने घरच्या भाषेत, इंग्रजीत लिहिले. ग्रीकांनी ग्रीकमधून, अरबांनी अरबीतून हेच ज्ञान मिळवले, मग मुलाला इंग्रजी का पुरू नये, असा त्याचा युक्तिवाद होता.

आज तीच इंग्रजी आपल्या घरी लॅटिनच्या जागी बसली आहे. तिचा दुस्वास नको, कानडी-हिंदीचाही नको. शब्द कोठूनही यावेत. पण सीमाभागातल्या आईबापांनी सहाशे वर्षांपूर्वीच्या त्या बापाचे एवढे ऐकावे: आकाश पहिल्यांदा दाखवायचे ते मुलाला घरच्या भाषेतच.