मीटरच्या काचेचा मोतीबिंदू

जुन्या मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही गॅरेजमध्ये 'मीटरची काच गेली' हे वाक्य हमखास कानावर पडते. गंमत अशी, की गेल्या चार-पाच दशकांतल्या बहुतेक गाड्यांवरची ही 'काच' मुळात काच नसतेच. ते पारदर्शक प्लॅस्टिक असते. वस्तू बदलली, शब्द मात्र तोच राहिला. जुनी गाडी पुन्हा उभी करणाऱ्याला हा शब्दच अनेकदा गोत्यात आणतो. प्रस्तुत लेखकाने एकदा अशी धुरकट 'काच' पेट्रोलने भिजलेल्या फडक्याने पुसली होती. मळ निघाला, पण पाठोपाठ प्लॅस्टिकच्या अंगात केसासारख्या बारीक भेगांचे जाळे पसरले आणि आकडे दिसेनासे झाले. डोळ्यातल्या मोतीबिंदूची आठवण व्हावी असेच ते दृश्य होते. पुढे या पदार्थाचा इतिहास चाळताना लक्षात आले, की मोतीबिंदूशी त्याचे नाते केवळ उपमेपुरते नाही.

चुंबकाच्या फिरण्यातून काटा हलवणाऱ्या वेगमापकाचे पेटंट जर्मन संशोधक ओटो शुल्झे यांनी १९०२ साली घेतले. चाकाकडून आलेली केबल आत एक चुंबक फिरवते, त्या ओढीने धातूची वाटी वळते, आणि तिला जोडलेला काटा स्प्रिंगच्या विरोधात आकड्यांवरून सरकतो. हे नाजूक यंत्र धूळ-पाण्यापासून झाकायला वर खरी काच असे. ती सहसा ओरखडत नसे. पण गाडी पडली, की तडकत असे.

तिची जागा पुढे ज्या प्लॅस्टिकांनी घेतली, त्यांतले एक प्रमुख म्हणजे अ‍ॅक्रिलिक. जर्मनीत ओटो रोम यांच्या कंपनीने १९३३ साली त्याला 'प्लेक्सिग्लास' हे नाव दिले. ब्रिटनमध्ये आयसीआय कंपनीने तोच पदार्थ 'पर्स्पेक्स' म्हणून बाजारात आणला. वजन काचेच्या निम्म्याहून कमी, आणि पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ९२ टक्के प्रकाश आरपार सोडण्याची क्षमता. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या वैमानिक-कक्षांवरची छत्रे याच पदार्थाची झाली.

ऑगस्ट १९४० मध्ये ब्रिटिश वैमानिक गॉर्डन क्लीव्हर याच्या हरिकेन विमानावर मारा झाला आणि छत्राच्या ठिकऱ्या त्याच्या डोळ्यांत घुसल्या. लंडनचे नेत्रशल्यचिकित्सक हॅरॉल्ड रिडली यांना अशा जखमी वैमानिकांमध्ये एक विलक्षण गोष्ट आढळली. पर्स्पेक्सचे कण डोळ्यात राहूनही डोळा त्यांना फारसा विरोध करत नव्हता. त्या काळी मोतीबिंदू काढल्यावर रुग्णाच्या नशिबी जाड भिंगांचा चष्मा येई. रिडली यांनी डोळ्यातच पर्स्पेक्सचे भिंग बसवायचे ठरवले आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तशी पहिली शस्त्रक्रिया केली. समव्यावसायिकांचा कडवा विरोध त्यांना दीर्घकाळ सोसावा लागला. खुद्द क्लीव्हरच्या डोळ्यात असे भिंग बसले ते १९८७ साली. भारतात मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२पासून ही भिंगे तयार करायला घेतली आणि ती गरिबांच्या आवाक्यात आणली.

माणसाच्या डोळ्यातला धुरकटपणा घालवणारा हा पदार्थ मोटारसायकलच्या हँडलवर मात्र स्वतःच धुरकट होतो. का? डोळ्यात त्याला धूळ लागत नाही. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्‌झचे कण असतात. ते काचेपेक्षाही कठीण. मग मऊ अ‍ॅक्रिलिकची काय कथा! कोरड्या फडक्याने रोज पुसलेल्या मीटरवर वर्षानुवर्षे सूक्ष्म चरे साठत जातात, त्यांवर प्रकाश विखुरतो आणि आकडे धुक्यात जातात. बायर कंपनीत हरमन श्नेल यांनी १९५३ साली तयार केलेले पॉलिकार्बोनेट हे दुसरे प्लॅस्टिक आघाताला कितीतरी चिवट. पण संरक्षक थर नसेल तर उन्हातल्या अतिनील किरणांनी ते पिवळे पडते. तिसरा रोग सर्वांत वाईट. पेट्रोल, थिनर, ब्रेक ऑइल यांच्या स्पर्शाने ताणाखालचे प्लॅस्टिक आतून भेगाळते.

म्हणून उपचाराआधी निदान हवे. त्याची सोपी रीत अशी, की धुरकट भागावर पाण्याचा थेंब सोडावा. पाणी चऱ्यांत भरते आणि प्रकाशाचे विखुरणे कमी होते. थेंबाखालचा आकडा स्वच्छ दिसला, तर दोष पृष्ठभागावरचा आहे आणि पॉलिश लागू पडेल. भेगा तशाच दिसत राहिल्या, तर दोष अंगात मुरलेला आहे. कधी कधी धुके आतल्या बाजूला साचलेले असते. तेव्हा मीटरच्या कडेची दुमडलेली क्रोमची कडी थोडी थोडी उचकटूनच काच मोकळी करावी लागते. घाई केली तर कडी वाकते.

प्रत्यक्ष काम संयमाचे आहे. साबणाच्या पाण्यात भिजवलेला ८०० किंवा १००० नंबरचा पॉलिश पेपर, मग १५००, मग २०००. दर वेळी घासण्याची दिशा आडवी-उभी बदलायची, म्हणजे आधीचे चरे गेले की नाही ते कळते. शेवटी मऊ कापडावर रबिंग कंपाउंड. यंत्राचा बफ जोरात फिरवला, तर घर्षणाच्या उष्णतेने अ‍ॅक्रिलिक मऊ पडते. सुमारे १०५ अंश सेल्सियसला ते आपला कडकपणा सोडते.

या कामाला 'काच साफ करणे' म्हटले जाते, तेही चुकीचेच. येथे मळ निघत नाही, पदार्थ निघतो. सर्वांत खोल चऱ्याच्या तळापर्यंत सगळा पृष्ठभाग खाली आणावा लागतो. प्रत्येक पॉलिशनंतर काच पातळ होते, कडा गोलावतात, काचेवर छापलेली अक्षरे असतील तर तीही जातात. गेलेला थर परत येत नाही. १९८५ साली भारतात आलेल्या यामाहा आरएक्स १००सारख्या गाडीला नव्या बनावटीची काच पन्नास दुकानांत मिळेल. कारखान्यातून तिच्यासोबत आलेली मात्र एकच असते. जुन्या वस्तू जपणाऱ्यांपुढचा जुना पेच इथे तळहाताएवढ्या प्लॅस्टिकवर उभा राहतो: लख्ख करायचे, की आहे तेवढे टिकवायचे?

अनुभवी कारागीर यावर मध्यममार्ग काढतात. काटा आणि आकडे चालत्या गाडीवरून वाचता आले, की पेपर खाली ठेवायचा. कडेचा एखादा खोल चरा राहिला तर राहू द्यायचा. आणि पुढच्या वेळी कोरडे फडके फिरवण्याआधी काचेवर पाणी ओतायचे.