भातानंतरचे शेत : रायगड किनाऱ्यावरील उन्हाळी भाजीपाल्याच्या नियोजनाचा इतिहास

प्रस्तावना

कोकणच्या शेतीचा इतिहास बहुतांशी भाताचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. जमिनीची प्रत भातावरून ठरे, खोताचा खंड भातात मोजला जाई आणि दुष्काळ-सुकाळही भातावरूनच ठरत. परिणामी, भाताच्या कापणीपासून मृगाच्या पावसापर्यंतच्या सहा-सात महिन्यांत शेत रिकामे असते, अशी समजूत दप्तरांबरोबर अभ्यासकांच्या लेखनातही रुजली. वस्तुतः पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या (१ जानेवारी १९८१ पासून रायगड) किनारपट्टीवर याच महिन्यांत वाल, पावटा, पांढरा कांदा, काकडी, कारली, शिराळी, कलिंगड अशी पिके घेतली जात आली आहेत. अल्पभूधारकाच्या घरात रोख पैसा येण्याचा तो एक मुख्य मार्ग होता.

या पिकांचे नियोजन म्हणजे केवळ कोणती भाजी केव्हा लावावी याचे कोष्टक नव्हे. कापणीनंतरच्या शेतावर हक्क कोणाचा आणि उन्हाळ्यातले पाणी कोणाचे, या दोन प्रश्नांच्या उत्तरावर ते कोष्टक अवलंबून राहिले आहे. प्रस्तुत लेखात अलिबाग, पेण व रोहा या तालुक्यांच्या संदर्भात या प्रश्नांचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

हळवे, गरवे आणि लागवडीची तिथी

रायगडच्या किनाऱ्यावर वर्षाला २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. परंतु तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यानंतर शेतकऱ्याच्या हाती उरते ती जमिनीतील ओल. ही ओल किती दिवस पुरेल याचा हिशेब भाताच्या वाणापासून सुरू होतो. हळवे, निमगरवे आणि गरवे ही भाताची पारंपरिक वर्गवारी केवळ पिकाच्या मुदतीची नाही. दुसऱ्या पिकाला किती वेळ मिळणार हेही तीच सांगते. हळवे भात दसऱ्याच्या सुमारास निघाले तर त्याच ओलीवर वाल टाकता येतो. गरवे भात दिवाळीनंतर निघाले तर ओल खाली गेलेली असते आणि विहीर वा तळे जवळ असल्याखेरीज दुसरे पीक धरता येत नाही. गरवे भात उतारा अधिक देते. म्हणून खंड भातात मोजणाऱ्या मालकाचा कल गरव्याकडे आणि वाल-भाजीवर घर चालविणाऱ्या कुळाचा कल हळव्याकडे असणे स्वाभाविक होते. वाणाच्या निवडीतील हा हितविरोध कोकणच्या कृषी-इतिहासात पुरेसा लक्षात घेतला गेलेला नाही.

वालाला स्वतंत्र पाणी द्यावे लागत नाही, हे त्याचे मोठेपण. त्याच्या शेंगा हिवाळ्यात भरतात आणि अलिबाग-पेण भागात भांबुर्ड्याच्या पाल्यात मडके लावून पोपटी भाजली जाते, ती याच शेंगांची. (आज पोपटी पर्यटकांच्या कौतुकाचा विषय झाली असली तरी मुळात ती शेतातच, राखणीच्या वेळी होणारी गोष्ट.) कांद्याचे गणित वेगळे. त्याचे रोप भात निघता निघता गादीवर टाकावे लागते, पुनर्लागवड डिसेंबर-जानेवारीत होते आणि मार्च-एप्रिलमध्ये पीक हाती येते. काकडी, कारली, शिराळी यांसारख्या वेलभाज्यांचे बी पौष-माघात टोकले जाते आणि चैत्र-वैशाखात, म्हणजे बाजारात हिरवी भाजी कमी व भाव बरा असताना, तोडा सुरू होतो. या साऱ्याला एक कठोर मुदत असते. वैशाखाअखेर शेत मोकळे झाले नाही तर पुढच्या भाताची मशागत अडते. शिवाय भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजण्याचे काम याच उन्हाळ्यात येते. पालापाचोळा, शेण आणि घरातील माणसांचे हात हे तिन्ही राबालाही लागतात आणि भाजीलाही. दोन गुंठ्यांपेक्षा अधिक भाजी लावावी की नाही, हे पुष्कळदा जमिनीपेक्षा हातांच्या संख्येवर ठरे.

आणखी एक अडचण गावाच्या रीतीची होती. भात कापले की गुरे मोकळी सोडण्याची प्रथा होती आणि कापलेले शेत हे सर्वांचे कुरण मानले जाई. अशा शिवारात एकट्याने भाजी करायची तर काट्याकुट्यांची वई घालून ती राखावी लागे. वई घालण्यास लाकूडफाटा हवा, म्हणजे वरकस जमिनीवर वा जंगलावर काही हक्क हवा. एका शेजाऱ्याने लावले व दुसऱ्याने लावले नाही तर राखणीचा भार लावणाऱ्यावर पडे. सगळ्या पट्ट्याने मिळून लावले तर तो हलका होई. अलिबाग तालुक्यात कार्ले, खंडाळे, नेहुली, सागाव अशा लागून असलेल्या गावांच्या पट्ट्यात कांदा टिकून राहिला, त्याला जमिनीच्या गुणाबरोबर हेही एक कारण असावे. १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरपर्यंत या कांद्याच्या लौकिकाचा माग नेला जातो.

खार जमिनीचे वेळापत्रक

धरमतरच्या खाडीलगतची शेती समुद्राला बांध घालून मिळविलेली आहे. बाहेरकाठ्याने भरतीचे पाणी अडवायचे, उघाडीतून पावसाचे पाणी बाहेर सोडायचे आणि पावसाने क्षार धुऊन निघाल्यावर भात लावायचे, अशी तिची रीत. बांधांच्या निगराणीशी निगडित असलेली शिलोत्री ही धारापद्धती याच भागाचे वैशिष्ट्य होती. पावसाळ्यात गोड झालेली ही जमीन उन्हाळ्यात पुन्हा खारावते. वरचा थर सुकू लागला की खालचे खारे पाणी केशाकर्षणाने वर चढते आणि एप्रिल-मेमध्ये जमिनीवर पांढरा थर दिसू लागतो. त्यामुळे खारपट्ट्यात वेलभाज्यांना वाव कमी. लवकर येणारे आणि ओलीवर निघणारे पीकच तेथे साधते. पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्राने या प्रश्नावर काम केले आहे. आच्छादन आणि पावसाचे गोडे पाणी साठविणारे शेततळे हे त्यावरील उपाय होत. बांधाला एक खांड पडली तर मात्र सर्व उपाय निष्फळ ठरतात. मुंबई खार जमीन कायदा १९४८ मध्ये आणि महाराष्ट्र खार जमीन विकास कायदा १९७९ मध्ये झाला. तरीही वेळेवर न बुजविलेल्या खांडींमुळे अनेक ठिकाणी शेताचे कांदळवन झाले.

चरीचा संप आणि कापणीनंतरचा हक्क

या पार्श्वभूमीवर चरीच्या संपाकडे नव्याने पाहणे उपयुक्त ठरते. अलिबाग तालुक्यातील चरी येथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा निर्णय घेतला. पंचवीस गावे त्यात सामील झाली आणि संप १९३९ पर्यंत चालला. संपाचा अभ्यास प्रामुख्याने खंडाचा दर, खोतांची अरेरावी आणि राजकीय नेतृत्व या अंगांनी झाला आहे व तो योग्यच आहे. परंतु ऑक्टोबरची अखेर म्हणजे भात कापणीचा आणि वाल टाकण्याचा हंगाम. जमीन न कसण्याचा निर्णय घेताना कुळांनी भाताबरोबर त्यानंतरचे सहा महिनेही सोडून दिले. ज्या पिकातून मीठमिरचीचा खर्च निघे, तेच गेले. सहा हंगाम हा तोटा सोसणाऱ्या कुटुंबांनी लाकूडफाटा, मासेमारी आणि मजुरी यांवर दिवस काढले. संपाची किंमत मोजताना केवळ भाताच्या खंड्या मोजणे म्हणूनच अपुरे ठरते.

संपाचे पडसाद विधिमंडळात उमटले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३९ च्या कूळ कायद्याने संरक्षित कुळाची संकल्पना आणली, १९४८ च्या कायद्याने ती विस्तारली, १९४९ च्या कायद्याने खोती रद्द झाली आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. कूळ मालक झाल्याचा एक परिणाम क्वचितच नोंदविला जातो : कोणता वाण लावावा, कापणी केव्हा करावी आणि नंतर शेतात काय घ्यावे, हे तिन्ही निर्णय प्रथमच एका हाती आले. पुढील काळात कर्जत येथील भात संशोधन केंद्राने कर्जत-१८४ सारखे हळवे वाण दिले, तसेच १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कारल्याची कोकण तारा, पडवळाची कोकण श्वेता, शिराळ्याची कोकण हरिता हे वाण प्रसारित केले. त्यांचा लाभ घेता येण्याची पूर्वअट या मालकीहक्काने पुरी केली होती.

पाणी : मुळशीपासून हेटवण्यापर्यंत

जमिनीचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला, पाण्याचा सुटला नाही. चौल, नागाव, आक्षी येथील वाड्यांना विहीर व रहाट होते. तेथे बागाईत पूर्वापार आहे. पण भातशेतीच्या शिवारात उन्हाळ्याचे पाणी आणायचे कोठून?

रोह्याच्या बाबतीत त्याचे उत्तर विलक्षण आहे. मुळशीचे धरण टाटा कंपनीच्या वीजनिर्मितीसाठी बांधले गेले आणि त्याविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह झाला. घाटमाथ्यावर अडविलेले ते पाणी भिरा येथील वीजगृहात वीज निर्माण करून कुंडलिकेत सोडले जाते. पुढे डोलवहाळ येथील बंधाऱ्यावरून कालवे निघाले आणि रोहा-माणगाव भागात उन्हाळी भात, कलिंगड व भाजीपाला यांना बारमाही पाण्याचा आधार मिळाला. मावळच्या शेतकऱ्याची बुडालेली जमीन आणि कोकणच्या शेतकऱ्याचे चैत्रातले पीक यांचा असा संबंध आहे. शिवाय हे पाणी किती व केव्हा येणार, हे वीजनिर्मितीच्या गरजेवर अवलंबून असते. शेतकऱ्याला आपले वेळापत्रक दुसऱ्याच्या वेळापत्रकात बसवावे लागते.

पेण तालुक्यात हाच प्रश्न अधिक तीव्र स्वरूपात पुढे आला. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील गावांना सिंचनाचे आश्वासन होते. धरण झाले, पण त्याचे पाणी मोठ्या प्रमाणात नवी मुंबईकडे वळले. कालव्याची वाट पाहणाऱ्या याच भागातील जमिनी महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी मागण्यात आल्या, तेव्हा शेतकऱ्यांच्या विरोधात लाभक्षेत्राचा मुद्दा अग्रभागी होता. २१ सप्टेंबर २००८ रोजी लाभक्षेत्रातील २२ गावांत शासनाने शेतकऱ्यांचे मत अजमावले. भूसंपादन मुदतीत पूर्ण झाले नाही आणि प्रकल्प त्या स्वरूपात उभा राहिला नाही. ज्या जमिनीला एकपिकी म्हणून कमी लेखले जाते, ती एकपिकी का राहिली, हा प्रश्न या वादाच्या मुळाशी होता. पाणी न दिल्यामुळे एकपिकी राहिलेली जमीन एकपिकी आहे म्हणून घेता येते, हा युक्तिवाद शेतकऱ्यांना मान्य नव्हता.

कांद्याची माळ

अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळावे म्हणून २०१९ मध्ये प्रस्ताव दाखल झाला आणि २०२१ मध्ये त्याला मान्यता मिळाल्याचे जाहीर झाले. तिखटपणा कमी, चव गोडसर आणि माळा विणून विकण्याची पद्धत ही त्याची ओळख. माळेला एक व्यावहारिक अर्थ आहे. पात न कापता विणलेला कांदा टांगून ठेवता येतो, वारा लागल्याने तो सडत नाही आणि घाईने विकावा लागत नाही. रस्त्याकडेला त्या विकणाऱ्या बहुतेक स्त्रियाच असतात. बियाणे शेतकरी घरीच राखतो : निवडक कांदे बाजूला काढून, पुन्हा लावून, त्यांच्या गोंड्यांतून बी धरले जाते. म्हणजे एका हंगामाची लागवड मागल्या हंगामात ठरलेली असते. एखाद्या वर्षी शेत पडीक ठेवले तर उत्पन्नाबरोबर बीही जाते.

मानांकनामुळे नाव सुरक्षित झाले. लागवडीची तिथी मात्र अजून भाताच्याच हाती आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार चक्रीवादळाच्या काळात कोकणात परतीचा पाऊस लांबला व उभ्या आणि कापलेल्या भाताचे मोठे नुकसान झाले. अशा वर्षी शेत वाफशावर येईपर्यंत वालाची वेळ निघून जाते, कांद्याचे रोप गादीवर कुजते, आणि माघात बी टोकायच्या वेलभाज्यांपुरतेच नियोजन शिल्लक राहते. तेही विहिरीला पाणी असेल तर.