रानाचे वाटाडे

स्कॉटलंडात शिकारीला वा मासेमारीला आलेल्या पाहुण्यास रानवाट दाखविणाऱ्याला ‘गिली’ म्हणतात. व्हिक्टोरिया राणीचा विश्वासू सेवक जॉन ब्राऊन मूळचा असाच गिली. तो १८८३ साली वारला, तेव्हा राणीने त्याचा पुतळा उभारविला!

आपल्या नगरच्या माळावर ही विद्या फासेपारध्यांची. वारा पाहावा, गायीच्या आडून काळविटाकडे सरकावे, तातीचे फास मांडावेत. साहेबलोकही शिकारीला त्यांचीच मदत घेत. पुतळा मात्र दूरच राहिला. १८७१ साली निघालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या कचाट्यात पुढे पारधीही सापडले. १९५२ साली तो कायदा गेला. पण भगिनींनो, नागापुरात दारी पारधीण आली की आपण अजून कडी लावतो, हे मला खटकते.

१९७२ च्या कायद्याने शिकार थांबली. कर्जत तालुक्यात रेहेकुरीला १९८० पासून काळविटांचे अभयारण्य आहे. तेथे वाटाड्याचे काम पारध्यांच्या मुलांना द्यावे, असे मला वाटते.