शिशुमापन

नवजात बाळाचे वजन फोनवरील चित्रफितीवरून अंदाजणारे, कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित साधन. मुंबईच्या वाधवानी एआय संस्थेने (स्था. २०१८) आशा व आरोग्यसेविकांसाठी ते विकसित केले. पालघर जिल्ह्याच्या उत्तरेस जवळच असलेल्या दमणमध्ये ते आशांच्या हाती देण्यात आले.

बाळाला उघडे करून चादरीवर निजवायचे, शेजारी मोजपट्टी ठेवायची आणि फोन बाळावरून कमानीसारखा फिरवायचा. वजन घेण्याचे दुखणे तसे जुनेच : झोळीचा काटा हलतो, बाळ हातपाय झाडते आणि वहीत सोयीचा आकडा पडतो. अडीच किलोंखालचे बाळ कमी वजनाचे धरतात. ते नजरेतून सुटले तर जादा देखरेखही सुटते. आशा नवजात बाळाला घरी जाऊन पाहतात; या गृहभेटींची पद्धत मूळची गडचिरोलीची, डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेची; तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. दवाखान्यातील प्रसूतीनंतर ४२ दिवसांत सहा भेटी, घरी झाल्यास सात.

पालघर जिल्ह्यातच पाहिले तर नंदाखालसारख्या वसईच्या गावांतून मोठे रुग्णालय त्या मानाने हाताशी आहे. खरी कसोटी जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर. फोनचा आकडा अंदाजच असतो. बाळ अंगावर नीट पिते का, हातपाय गार पडलेत का, हे आशालाच पाहावे लागते.